पहाटे दोनला कोण जागं होतं?

एप्रिल आला की आमच्या वाचनालयातलं चरित्रांचं कपाट रिकामं होतं. "मॅडम, थोरांच्या बालपणावर काहीतरी द्या, पोराचं भाषण आहे" असं म्हणत पालक येतात, पातळातलं पातळ पुस्तक नेतात आणि चौदा तारीख उलटली की परत आणून देतात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हणजे झाडलोट, नोंदी, वर्गणीची वसुली आणि पेपर फाडणाऱ्यांवर ओरडणं, सगळं एकाच पगारात. त्यामुळे ती भाषणं मला तोंडपाठ आहेत. सगळ्यांचं दुसरं वाक्य एकच: "ते लहानपणापासूनच अत्यंत हुशार होते."

यंदा त्यात भर पडली. कुठल्याशा उन्हाळी शिबिराचं पत्रक व्हॉट्सॲपवर फिरत होतं. 'तुमच्या मुलातला लीडर जागा करा', वय ६ ते १२, वर फेटा बांधलेलं पोर माइकसमोर हात उंचावून उभं. माझ्या चुलतभावाच्या बायकोनं ते मला पाठवलं आणि विचारलं, "ताई, घालू का ओ ह्याला? फी जरा जास्त आहे, पण तिथं कॉन्फिडन्स येतो म्हणतात." मी जे उत्तर दिलं ते तिला फारसं रुचलं नाही. फोनवर नीट सांगताही आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझं म्हणणं असं. ही चरित्रं आपण त्या मुलाकडे बघत वाचतो. तो किती हुशार, किती जिद्दी, त्यानं काय सोसलं. पण जरा त्याच्या आजूबाजूच्या मोठ्या माणसांकडे बघा. ती माणसं रोज काय करत होती, कशाला वेळ देत होती, कशाला नाही म्हणत होती. जग बदलणाऱ्या माणसाच्या लहानपणात मला तरी तीच जास्त दिसतात.

आमच्याच भागातली गोष्ट घेते. १९०१ साल. रामजी सुभेदार आंबेडकर आमच्या खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलाव खोदायला काढला होता, त्या कामावर. मुलं साताऱ्यात. आई भीमाबाई आधीच गेलेली. आत्या मीराबाई घरात होती, पण तिला धड चालता येत नव्हतं. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की आम्ही चार पोरं (ते, थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुलं) शाळेत जायचो आणि स्वयंपाकही आम्हीच करायचो. भाकरी जमत नव्हती, म्हणून पुलाव खायचो, कारण तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की झालं. हा पुलाव कुठल्याच भाषणात येत नाही. मला मात्र तो फार आवडतो. भाषणातल्या महापुरुषाला भूक लागते, पण त्याला भाकरी थापता येत नाही असं कधी नसतं.

वडिलांनी पत्र लिहिलं, सुट्टीला इकडे या. तिजोरीची जबाबदारी असल्यामुळे त्यांना जागा सोडता येत नव्हती. मुलांनी आगगाडी तोवर पाहिलेली नव्हती. नवे सदरे शिवले, जरीच्या झगमगीत टोप्या घेतल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. नटूनथटून मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणीच नाही. निघाल्याचं कळवलेलं पत्र नोकराच्या हातात पडलं होतं आणि तो ते सुभेदारांना द्यायलाच विसरला होता. स्टेशनमास्तरनं कपडे बघून मुलं ब्राह्मणाची समजली आणि आपुलकीनं चौकशी केली. महार म्हटल्यावर तो मागे सरला. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. बरोबर डबा होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्रभर उपाशी. टोलनाक्यावर भिवानं, म्हणजे लहानग्या बाबासाहेबांनी, आम्ही मुसलमान आहोत असं उर्दूत सांगून पाहिलं, तरी पाणी मिळालं नाही ते नाहीच. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गोरेगाव.

एप्रिलमध्ये हा प्रसंग सांगणारी पोरं पाण्यापाशी आवाज चढवतात. चढवावाच. पण माझी नजर टोप्यांवर अडकते. जरीची टोपी आणि रेशीमकाठी धोतर घालून ही मुलं गाडीतून उतरली, ती आपलं स्वागत होणार अशा खात्रीनं. अस्पृश्यता त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. शाळेत बसायला घरून नेलेलं गोणपाट होतं. नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीण पोरांचे केस कापून कापून त्यात तरबेज झाली होती. हे सगळं ठाऊक होतं, पण अंगवळणी पडलेलं होतं. बाबासाहेब सांगतात की या प्रवासानं असा धक्का बसला जो पूर्वी कधी बसला नव्हता, आणि जे चालायचंच म्हणून धरलं होतं त्याचा विचार करायला लागलो.

धक्का का बसला असेल? माझ्या मते, घरानं दुसरं माप हातात दिलं होतं म्हणून. सुभेदाराची मुलं, इंग्रजी शिकणारी, वडिलांनी पत्र लिहून बोलावलेली. घरातच कोणी रोज 'आपण असलेच' म्हणत बसलं असतं, तर मसूरच्या फलाटावर नवीन असं काय घडलं असतं? अपमान अपमान वाटायला आधी मान माहीत असावा लागतो.

म्हणून 'हालअपेष्टांतून नेतृत्व घडतं' हे वाक्य मला पटत नाही. त्याच दुष्काळात, त्याच तलावावर, टोपल्या उचलणाऱ्यांची पोरंही होतीच की. भूक त्यांना जास्त होती. आई-बाप गमावलेली होती, प्लेगनं घरं धुऊन नेलेली होती. सोसण्यानंच माणसं मोठी होत असती तर खटाव-माणनं अख्खी संसद भरून दिली असती. सोसलेल्यांपैकी जो वर आला त्याचं चरित्र लिहिलं जातं. बाकीच्यांची नोंद आमच्या कपाटात नाही, कुणाच्याच नाही.

आता सुभेदारांकडे बघू. हा माणूस लष्करातल्या शाळेत शिक्षक होता, पुढे मुख्याध्यापक. पंथ कबीराचा. संध्याकाळी घरात भजन-पूजन असे आणि त्यातून कुठल्याही पोराला सुटका नसे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्याविरुद्ध अर्जविनंत्या करणाऱ्यांत हे होते. म्हणजे भिवा ज्या घरात वाढला तिथं अन्याय झाला की कपाळाला हात लावत नसत, कागद पुढे ओढत. मुलांवर याचा किती परिणाम होतो ते मोजता येणार नाही, पण ज्या घरात सरकारला अर्ज लिहिला जातो आणि ज्या घरात फक्त सरकारला शिव्या घातल्या जातात, त्या दोन घरांतली मुलं मी रोज बघते. वाचनालयात पुस्तक मिळालं नाही तर पहिलं मूल विचारतं, "परत कधी येईल?" दुसरं निघून जातं.

सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. भिवानं विचारलं, ज्या ग्रंथांत आपल्याला हीन म्हटलंय ते आम्ही का वाचायचे? वडिलांचं उत्तर असं की, आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड रुजण्याचं भय आहे. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मिकी बघ, कुठून कुठं गेले. मुलाला हे पटलं नाही. त्यानं भीष्म, द्रोण, कृष्ण, कुणालाच सोडलं नाही. रामावरही बोट ठेवलं. वडील गप्प राहिले. पोरगं बंड करतंय हे त्यांना कळत होतं, असं बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, १९५६ साली, लिहिलंय. साठी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस आपल्या बापाचं काय आठवतो, तर मी उलट बोललो आणि तो गप्प राहिला. कबीरपंथी, भाविक बाप हा. मुस्कटात मारली असती तर त्या काळात कुणी नावं ठेवली नसती.

सगळंच गोड नव्हतं. सुभेदारांनी दुसरं लग्न केलं ते भिवाला मुळीच खपलं नाही. आईचे दागिने दुसरीच्या अंगावर बघून तो घुमसला आणि मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम धरायचं ठरवलं. भाड्याला पैसे हवेत म्हणून शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा बेत केला. तीन रात्री जमलं नाही. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर आत अर्धा आणा! त्यातून भाडं काय निघणार? मग ठरवलं, आता अभ्यासच करायचा, आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं. मीराबाईच्या पिशवीत चार-दोन रुपये असते तर आपली राज्यघटना कोणी लिहिली असती, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात येतोच. घडवण्याघडवण्याच्या गप्पांत नशिबाचा वाटाही धरावा लागतो, आणि तो वाटा या गोष्टीत अर्ध्या आण्याचा आहे.

पुढे बिऱ्हाड मुंबईला, परळच्या चाळीत. एक खोली. त्यातच चूल, त्यातच झोपायचं, त्यातच अभ्यास. जागाच नाही म्हणून सुभेदारांनी असं बसवलं की मुलानं संध्याकाळी लवकर झोपायचं. स्वतः जागं राहायचं, पहाटे दोनला त्याला उठवायचं आणि मग आपण पाठ टेकायची. मूल दिव्याच्या उजेडात वाचतंय, बाप त्यानं मोकळ्या केलेल्या जागेवर झोपलाय. पुस्तकांना पैसे कमी पडले तर सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात. एकीकडे नसले तर दुसरीकडे. ती दागिना काढून देई, तो गहाण पडे आणि पेन्शन आली की सोडवून परत जाई. त्या मुलींची नावं तुळसा आणि मंजुळा. एप्रिलच्या भाषणांत मी अजून एकदाही ती ऐकलेली नाहीत. यंदा एका मुलीला लिहून दिली होती, पण वेळेत बसत नाही म्हणून तिच्या सरांनी तो परिच्छेद कापला.

आता कोणी म्हणेल, मग असा बाप असला की झालं. तसंही नाही. याच घरात, याच बापाच्या हाताखाली बाळाराम आणि आनंदराव हे थोरले भाऊ होते. दोघांना शिकवणं परवडेना, तेव्हा आनंदराव नोकरीला लागले आणि धाकट्याची शाळा चालू राहिली. म्हणजे एकाचं शिक्षण दुसऱ्याच्या शाळा सुटण्यावर उभं आहे. त्यामुळे या गोष्टीतून कृती काढता येत नाही, आणि शिबिरवाले नेमकी कृतीच विकतात.

त्या पत्रकावरच्या माइकवाल्या पोराकडे बघून मला आठवले ते मंडेला. दक्षिण आफ्रिकेत कुनू नावाच्या खेड्यात हे पोर गुरं राखायचं. शाळेत जायचं ठरलं तेव्हा अंगावर घालायला काही नव्हतं, म्हणून बापानं आपली पॅंट गुडघ्यापाशी कापली आणि कमरेला दोरीनं आवळून दिली. आपण मजेशीर दिसत असणार, पण त्या पॅंटीइतका अभिमान पुढे कुठल्याच सुटाचा वाटला नाही, असं ते सांगतात. बाप गेल्यावर थेंबू लोकांचे कारभारी जोंगिंताबा यांनी त्याला आपल्याकडे म्केकेझवेनीला नेलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं.

तिथं लोकांची सभा भरे. येईल तो बोले, गरीब-श्रीमंत, लहान-मोठा. लोक कारभाऱ्याला तोंडावर धारेवर धरत. तो ऐकून घेई. मध्ये बोलत नसे, बाजू मांडत नसे. सगळ्यांचं झालं की शेवटी सगळ्यांचा मिळून सूर काय निघाला एवढं सांगे. एकमत झालं नाही तर पुन्हा सभा. मुलगा कोपऱ्यातून हे बघत असे. पुढे नेता झाल्यावरही बैठकीत आधी सगळ्यांचं ऐकायचं आणि मग बोलायचं ही रीत आपण तिथून उचलली, असं मंडेलांनी नोंदवलंय. म्हणजे ज्या वयात आपण पोराला टाळ्या घ्यायला शिकवतो, त्या वयात हे पोर गप्प बसायला शिकत होतं. कुणी मुद्दाम शिकवत नव्हतं हेही आलंच. मोठी माणसं आपलं काम करत होती आणि त्याला कोणी हाकलून लावलं नाही.

एवढं सांगून थांबले तर ते अर्धसत्य होईल. त्या सभेत बायकांना जागा नव्हती. आणि सभेत इतकं ऐकणाऱ्या जोंगिंताबांनी स्वतःच्या मुलाचं आणि मंडेलांचं लग्न मात्र दोघांना न विचारता ठरवून टाकलं. दोघंही जोहान्सबर्गला पळाले, १९४१ साली. घरातून जे मिळतं त्यातच घराशी भांडायचं बळही मिळतं, भिवाचं आणि यांचं इथं जुळतं.

एक गाढवाचाही किस्सा आहे. पोरं पाळीपाळीनं गाढवावर बसत होती, यानं उडी मारली तसं ते काट्यांत घुसलं आणि याला खाली पाडलं. तोंड ओरबाडलं, सगळी हसली. त्यावरून शिकलो की हरलेल्याची शोभा करू नये, असं ते लिहितात. अशा आठवणींवर मी थोडी सावधच असते. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढून, शत्रूशी वाटाघाटी करून आलेल्या माणसाला लहानपणीचं गाढव शहाणं दिसणारच. पण मागाहून का होईना, गाढवाला गुरू मानणारा नेता मला आवडतो.

आणि केनियाच्या वांगारी माथाई. १९४० चा जन्म, न्येरीजवळच्या इहिथे गावचा. तिचे भाऊ शाळेत जात, ती आईबरोबर शेतात. एक दिवस थोरल्या भावानं, न्देरितूनं, आईला विचारलं, "आपल्याबरोबर वांगारी का येत नाही शाळेला?" आईनं जरा विचार केला आणि म्हणाली, न येण्याचं काही कारण नाही. झालं. पुढची डॉक्टरेट, १९७७ ची झाडं लावण्याची चळवळ, हुकूमशाही सरकारशी झगडे, २००४ चं नोबेल, सगळ्याच्या मुळाशी एका शाळकरी पोराचा हा प्रश्न आहे. आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरायला एक हात कमी पडणार हे माहीत असून हो म्हणणारी आई. माझ्या चुलतभावजयीला मी हेच सांगत होते. तुमच्या घरात कुणी असा प्रश्न विचारला तर त्याला तुम्ही काय म्हणता, ते पोरगं बघत असतं. तिनं "बरं ताई" म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी फी भरली. भरू दे. पोहायलाही शिकवतात म्हणे तिथं.

बाहेरची माणसं राहिली, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची तीच, कारण सुभेदार सगळ्यांच्या घरी नसतात. मुंबईत शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. घरात जागा कुठली? त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. शिक्षक आणि लेखक. रोज एक मुलगा एकटाच पुस्तकात डोकं घालून बसलेला त्यांना दिसला आणि त्यांनी चौकशी केली. इतकंच. पुढे परीक्षा पास झाल्याबद्दल समाजातल्या लोकांनी भीमरावाचा सत्कार करायचं काढलं, तर सुभेदारच नको म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल. केळुसकरांनी मध्यस्थी केली, सत्कार झाला, आणि त्यात त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. कॉलेजात पैशांची ओढाताण सुरू झाली तेव्हा हेच केळुसकर त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ ला बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार वारले. त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात पोचला. पहाटे दोनच्या जागरणांचं पुढे काय झालं ते बापानं पाहिलं नाही.

आमच्याकडे चर्नी रोडची बाग नाही, वाचनालय आहे. दोन खोल्यांच्या घरातली, टीव्हीच्या आवाजात अभ्यास न होणारी मुलं शाळा-क्लास आटोपून सहानंतर येतात, आणि आम्ही सहाला कुलूप लावतो. दोन तास वाढवा असा अर्ज मी कार्यकारिणीला दिलाय. एका सदस्यांचं म्हणणं, दिव्याचं बिल कोण भरणार. दुसऱ्यांचं म्हणणं, पोरं मोबाइल चार्ज करायलाच येतील. येतील की, चार्ज होईपर्यंत बसतील तरी. पुढच्या बैठकीत विषय क्रमांक सात आहे, त्याच्या आधी छताची गळती आणि वर्गणीवाढ. बिलाचा हिशोब मी मांडून ठेवलाय. गावातलं कोणी बैठकीला येऊन दोन शब्द बोलणार असेल तर बरं होईल. चहा वाचनालयातर्फे, म्हणजे माझ्यातर्फे.